ओवेनच्या उपवासात कोथिंबीर

ओवेनचा चेहरा जांभळा पडत चालला होता आणि आम्ही सगळ्या बायका त्याच्या टाळूवर थापट्या मारत होतो.

"वर बघ! वर बघ रे बाळा!" विमलताई ओरडत होत्या, मराठीत. ओवेन वेल्सचा. त्याला काय कळणार वर बघ? देशपांडेबाई म्हणत होत्या, "पाणी द्या," आणि कुणी ग्लास पुढे केला की त्याच म्हणत होत्या, "पाणी नका देऊ!" तो दोन्ही हातांनी गळा धरून खुर्चीतून अर्धवट उठलेला. ठसका लागला तर माणूस खोकतो. हा खोकतही नव्हता. म्हणजे वडा चांगलाच बसला होता. साबुदाण्याचा वडा. चार दिवसांतला पहिला घास, आणि त्याने तो अख्खा तोंडात घातला होता. खोली पांढरी, टेबल पांढरं, ताटल्या पांढऱ्या, आणि मधे एक माणूस वांग्याच्या रंगाचा. दारात शाळेची रांग उभी. मास्तरीण पोरांना सांगत होती, कलाकार आता आपल्याला भूक म्हणजे काय ते दाखवतोय, नीट बघा.

त्याला जरा तसाच राहू द्या. तो तिथे कसा आला हे आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला होते.

मी कामाला होते म्युझियममध्ये. लंडनच्या हाउन्सलोहून बसने जायचं, जुन्या बस-डेपोत केलेलं होतं. आताच्या काळातली कला. म्हणजे राजाराणीची चित्रं नाहीत. एकदा नुसत्या ओल्या मातीचा ढीग होता, एकदा चारशे जुने पंखे एकदम फिरत होते आणि बघायला येणाऱ्याला सर्दी होत होती. या वस्तू कुठे मांडायच्या हे ठरवणारे लोक वेगळे, त्यांना क्युरेटर म्हणतात. आमचं खातं दुसरं, पब्लिक प्रोग्रॅम्स. मांडलेल्या वस्तूपर्यंत माणूस आणायचा आणि तो बिचकून पळून जाणार नाही असं काहीतरी त्याच्या हातून करून घ्यायचं, हे आमचं काम. शाळेची पोरं, म्हाताऱ्यांचे ग्रुप, रविवारी आईबाप आणि लेकरं, शनिवारी आर्टिस्टचं व्याख्यान.

मी चौथी शिकलेली, कराडकडच्या एका खेड्यातली. नवरा विमानतळावर सामान चढवायचा, त्याच्यामागे इथे आले. आधी विमानातल्या जेवणाचे ट्रे धुतले, मग म्युझियमच्या किचनमध्ये कप. कप परत ठेवायला येणारे लोक मला हळूच विचारायचे, वरती ते जे ठेवलंय ते काय आहे हो? मी म्हणायचे, मलाही कळलेलं नाही, चला, परत बघून येऊ. हे जिलियनने पाहिलं. जिलियन आमच्या खात्याची प्रमुख. उंच, सडपातळ, टाचांचे बूट, गळ्यात ओळखपत्र, आणि कशालाही "लव्हली" म्हणणारी. छत गळलं तरी लव्हली. तिने मला किचनमधून उचललं आणि प्रोग्रॅम असिस्टंट केलं. मी तिला बरीच वर्षं शोकेसमधली बाहुली समजत होते.

या धंद्यातली खरी गोष्ट सांगते. माणूस म्युझियममध्ये कलेसाठी शिरत नाही. तो पावसासाठी शिरतो, नाहीतर लघवीसाठी. म्हणून कुठलाही ग्रुप आला की मी आधी टॉयलेट दाखवायचे, मग कला. निम्म्या लोकांचा चेहरा तिथेच खुलायचा. एका शनिवारी 'शांतता' या विषयावर एका आर्टिस्टचं व्याख्यान होतं. ऐकायला कुणी नाही. एवढ्यात धो धो पाऊस आला आणि लग्न ठरलेल्या मुलीच्या मैत्रिणींचं एक टोळकं आत घुसलं, डोक्याला गुलाबी पिसं, हातात बाटल्या. सगळ्या पुढच्या रांगेत बसल्या. व्याख्यान संपलं तेव्हा दोघी रडत होत्या. मग त्या आर्टिस्टला उचलून पबमध्ये घेऊन गेल्या, तो सोमवारी आला. दुसऱ्या एका वेळी मातीच्या वर्कशॉपला पोरांना सांगितलं, तुम्हाला ज्याची भीती वाटते ते बनवा. सगळ्यांनी एकच बाई बनवली. ती बाई मागे उभी होती.

असे दिवस कमी. जास्त दिवस असे, की वीस कात्र्या टेबलावर ओळीने मांडलेल्या आणि माणूस एक नाही. ते मला आजही लागतं. मांडलेलं उचलून ठेवण्यासारखं वाईट काम नाही.

आता ओवेन. तिशीचा, काटकुळा, लाल दाढी. काम सुरू व्हायच्या आधी दोन-तीन दिवस तो किचनमध्ये येऊन बसायचा, मी चहा द्यायचे.

"तारा," एकदा म्हणाला, "मी आजवर एक काम शेवटास नेलेलं नाही."

"म्हणजे?"

"नदीच्या काठाने उलटं चालत समुद्रापर्यंत जाणार होतो. गुडघा गेला. त्याच्या आधी महिनाभर अंधारात राहणार होतो. आठवड्यात बाहेर आलो."

"आंधळा झाला असतास."

"डॅड म्हणतात, पुरे. या वेळचं पुरं झालं नाही तर सोडून देणार. गावी जाऊन त्यांची लॉरी चालवणार."

"लॉरी चांगली," मी म्हटलं. "पेन्शन बसतं का?"

तो हसला, पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. मला काम चालू होण्याआधीच कळलं की या पोराला हे पाच दिवस काहीही करून पार पाडायचे आहेत.

काम असं होतं. सोमवार ते शुक्रवार तो टेबलाच्या एका टोकाला यजमान म्हणून बसणार. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकापुढे रिकामी ताटली. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: पाहुण्यांनी बसावं, हवं ते करावं, यजमान बोलणार नाही, यजमान खाणार नाही. बस. पाणी प्यायचं, रात्री तिथेच झोपायचं. डोक्यावरून दर दोन-तीन मिनिटांनी हीथ्रोचं विमान. कानठळ्या बसवणारं कॉन्कॉर्ड विमान नुकतंच बंद झालं होतं, तेवढाच काय तो त्याच्या शांततेला हातभार.

पहिल्या दिवशी लोक बिचकले. दुसऱ्या दिवशी एक माणूस त्याच्यासमोर बसून बायकोच्या तक्रारी सांगून गेला. बुधवारी ओवेनचे गाल बसले, पण पाठ ताठ. मी पाण्याचा जग भरायला जायचे तेव्हा तो डोळ्यांनी हसायचा. मी मनात म्हणायचे, चाललंय, दोन दिवस राहिले.

गुरुवारी आमच्या म्हाताऱ्या बायकांचा ग्रुप असायचा. बहुतेक आपल्याच. दोघी ओळखून ठेवा. विमलताई नागपूरच्या, मुलगा कंप्युटरमध्ये, त्याच्याकडे राहायला आलेल्या. मोठा आवाज, मोठा डबा. देशपांडेबाई पुण्याच्या, नवरा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होता, चाळीस वर्षं इथे काढलेली. बारीक आवाज, बारीक डबा. दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नाही, आणि एक आली नाही तर दुसरीला करमायचं नाही.

त्या गुरुवारी नेमकी एकादशी होती. सगळ्या उपवासाचं घेऊन आलेल्या. टॉयलेट झालं, मग मी त्यांना त्या पांढऱ्या खोलीत नेलं. बसल्या. विमलताईंनी आधी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं, मग ओवेनकडे.

"ताराबाई, हा कोण?"

"आर्टिस्ट. उपवास करतोय. चार दिवस झाले."

"चार दिवस! आणि पुढ्यात काहीच नाही?"

"खात नाही तो. पाणी पितो फक्त."

"पाणी पितो ना? मग निर्जळी नाही," विमलताई म्हणाल्या. "निर्जळी नाही तर फराळाचं चालतं."

"अहो, यांच्यात तसं नसतं," देशपांडेबाई म्हणाल्या. "यांच्यात फास्ट म्हणजे काहीच खायचं नाही."

"मग ताटल्या कशाला मांडल्यात? मांडून ठेवायच्या आणि वाढायचं नाही, ही कुठली रीत?"

विमलताईंनी डबा उघडला. फॉइलमधून वाफ आली. त्या उठल्या आणि पंगतीत वाढावं तसं टेबलाभोवती फिरून प्रत्येक ताटलीत दोन-दोन वडे आणि बाजूला दाण्याची चटणी वाढत गेल्या.

देशपांडेबाईंनी ताटलीवर हात आडवा धरला. "कोथिंबीर दिसतेय यात."

"असणारच. वडा आहे."

"आमच्याकडे उपवासाला कोथिंबीर चालत नाही."

"आमच्याकडे चालते."

"म्हणून तर नको म्हणते."

जिलियन दारात उभी होती. पाहुण्यांनी हवं ते करावं, असं भिंतीवर लिहिलेलंच होतं, त्यामुळे अडवायचं कसं? ती "लव्हली" म्हणाली, पण बारीक आवाजात. ओवेनपुढे वडे आले. तो ताटलीकडे बघेना. छताकडे बघत बसला. नाकपुड्या मात्र हलत होत्या.

विमलताई त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "घे रे बाळा. आम्हीसुद्धा उपवासाच्याच आहोत."

मी त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं, "शी सेज, वुई आर फास्टिंग टू." सांगायचं काम माझं, ते मी केलं.

त्याने टेबलाभोवती नजर फिरवली. सगळ्या उपवासाच्या बायका मचामचा खात होत्या. त्याच्या तोंडावर जे आलं ते मला नीट सांगता येत नाही. चार दिवस कोंडलेल्या माणसाला कुणी म्हणावं की दार उघडंच होतं, तसं काहीसं. त्याचा हात उठला. वडा तोंडात गेला. अख्खा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

तर तो जांभळा, आम्ही टाळूवर, शाळेची पोरं भूक बघतायत. एवढ्यात खाड खाड आवाज आला. जिलियनने दोन्ही पायांतले बूट उडवले, टेबलावर चढली, ताटल्यांमधून चालत आली, पलीकडे उडी मारली आणि आम्हाला कोपराने बाजूला ढकललं. मला चांगलं लागलं. तिने ओवेनला मागून कवळा घातला, त्याच्या बेंबीच्या वर मूठ धरली आणि वर खेचलं. काही नाही. परत खेचलं. तिसऱ्या वेळी वडा सुटला, टेबलावरून उडाला आणि नेमका देशपांडेबाईंच्या रिकाम्या ताटलीत पडला.

ओवेनने श्वास घेतला. असला आवाज मी गोठ्यात ऐकलेला, माणसाचा कधी नाही.

"मी म्हटलं होतं मला नको म्हणून," देशपांडेबाई म्हणाल्या.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरणीने पण.

जिलियन जमिनीवर बसली, मोज्याला चटणी, आणि हसायला लागली. मग मी हसले. मग हसू थांबेना. बाहुली म्हणे! चार वर्षं तिच्या हाताखाली काम केलं आणि ती टेबलावर चढू शकते हे मला माहीत नव्हतं.

हसणं थांबलं ते ओवेनमुळे. तो उठला होता आणि ताटल्या गोळा करत होता. एकावर एक. बोलला नाही, नियम पाळत होता अजून, पण डोळ्यांतून पाणी चाललेलं. ते ठसक्याचं नव्हतं. जिलियनने भिंतीकडे पाहिलं. यजमान खाणार नाही.

"मला बंद करावं लागेल, तारा," ती म्हणाली. "त्याने खाल्लं. सगळ्यांनी पाहिलं."

"हा का आवरतोय?" विमलताईंनी विचारलं.

"उपवास मोडला म्हणून," मी म्हटलं.

"कशाने मोडला?"

"तुमच्या वड्याने."

"साबुदाण्याने उपवास मोडतो?" विमलताईंचा आवाज पार कॅफेपर्यंत गेला असेल. "दाणे, बटाटा, साबुदाणा. तळलाय शेंगदाण्याच्या तेलात. मोहरी नाही, हळद नाही. सांगा तिला, यात मोडण्यासारखं काय आहे?"

मी जिलियनला सांगितलं. ती आ करून ऐकत राहिली. "म्हणजे तुम्ही सगळ्या आत्ता उपवास करताय?"

"हो."

"खाताना?"

"हो."

"बघा, विमलताई म्हणतात ते खरं आहे," देशपांडेबाई म्हणाल्या. मला धक्काच बसला. विमलताईंनाही. पण बाई पुढे म्हणाल्या, "साबुदाण्याने मोडत नाही. कोथिंबिरीने मोडला."

झालं. टेबलाभोवती दोन पक्ष पडले. कोथिंबीर पानं की मसाला? जिरं चालतं तर कोथिंबीर का नाही? एक म्हणाली आमच्या सासूबाई जिरंसुद्धा घालत नसत. दुसरी म्हणाली तुमच्या सासूबाई जेवतच नव्हत्या, त्यांचं सोडा. वडा पोटात गेलाच नाही, बाहेर आला, मग खाल्ला असं म्हणायचं कसं, असाही एक मुद्दा निघाला. तो मला पटला होता, पण एक तुकडा आत गेल्याचं तिघींनी पाहिलं होतं. जिलियन आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मी जमेल तसं सांगत होते. ओवेन ताटल्या हातात धरून थांबला होता. ऐकत होता. तेवढं मी हेरलं.

"कुणाच्या घरचा नियम धरायचा?" विमलताई म्हणाल्या. "माझ्या घरचा धरा, नाहीतर यांच्या."

"तुमच्या दोघींचं घर इथे कुठाय?" मी म्हटलं. मला कंटाळा आला होता. "टेबल त्याचं, ताटल्या त्याच्या, यजमान तो. त्याच्या घरात चालते का नाही ते त्याला विचारा."

सगळ्यांच्या माना ओवेनकडे वळल्या. मी ओवेनपाशी गेले आणि विचारलं, "युवर टेबल, युवर हाउस. इन युवर हाउस, कोरिअँडर, यस ऑर नो?"

डोक्यावरून एक विमान गेलं. ते जाईपर्यंत सगळे थांबलो. ओवेनच्या लाल दाढीत एक पान अडकलं होतं, हिरवंगार. त्याने चाचपून ते काढलं. बोटावर धरून बघितलं. मग देशपांडेबाईंकडे पाहून मान झुकवली, जणू माफी मागितली, आणि ते पान जिभेवर ठेवून खाऊन टाकलं.

विमलताईंनी जिंकल्याची अशी आरोळी ठोकली की सिक्युरिटीवाला धावत आला.

ओवेनने ताटल्या परत मांडल्या. एकेक. खुर्चीत बसला, पाठ ताठ.

"लव्हली," जिलियन म्हणाली. ती रडत होती.

शुक्रवारी मी पोचले तर बाहेर रांग. आमच्या बायकांनी फोन केले होते, सिक्युरिटीवाल्याने पबमध्ये सांगितलं होतं, शाळेतली पोरं घरी बोलली होती. जो तो आपापल्या उपवासाचं घेऊन आलेला. एक गुजराती आजी राजगिऱ्याच्या पुऱ्या घेऊन. माझ्या शेजारची नसरीन खजूर घेऊन, रोजे नव्हते तरी. चर्चमधला एक आयरिश म्हातारा तळलेला मासा घेऊन आला, म्हणाला शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. देशपांडेबाईंना भोवळ यायची राहिली. "मासा? उपवासाला?" त्यांनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि दुपारभर त्याच्याशी भांडल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रिकामी ताटली एक राहिली नाही, फक्त ओवेनची. विमलताईंनी डबा पुढे केला तेव्हा त्याने हात जोडले. एकादशी काल संपली, एवढं त्याला एव्हाना कळलं होतं.

बंद व्हायच्या जरा आधी एक जाडजूड माणूस टोपी हातात घेऊन दारात आला. बाहेर बस-स्टॉपला आडवी एक लॉरी लावलेली.

"माझा मुलगा आहे इथे," तो मला म्हणाला. "आवरलं असेल ना त्याने?"

"नाही."

"नाही? अजून बसलाय?"

"बसलाय. तुम्हीपण बसा."

तो बसला. मुलाकडे बघत राहिला. आयरिश म्हाताऱ्याने त्याच्यापुढे मासा सरकवला, त्याला तो दिसलाच नाही.

सहा वाजता जिलियनने वेळ संपल्याचं सांगितलं. देशपांडेबाईंनी डबा उघडला. वरण-भात, तूप, लिंबाची फोड. "उपवास याच्यावर सोडायचा," त्या म्हणाल्या, "यात तरी वाद नको." आणि स्वतःच्या हाताने ओवेनपुढे वाढलं. ओवेनने चमचा उचलला, वरणात खालीवर फिरवला, आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"यात कोथिंबीर आहे का?"

"आज चालते," देशपांडेबाई म्हणाल्या.

त्याचा बाप एवढ्या मोठ्याने हसला की ताटल्या वाजल्या. हसला आणि मग टोपीने तोंड झाकून घेतलं.

पुढे काही वर्षांनी आमचं खातं लहान केलं, गुरुवारचा ग्रुप बंद झाला. मला वाईट वाटलं, पण मी घरी बसून पाय पसरायलाही तयार होते. ओवेनने परत कला केली नाही. एक पुरं केलं, पुरे, म्हणाला. बापाची लॉरी चालवतो. एम-फोर हायवेने लंडनला आला की माझ्याकडे चहाला थांबतो आणि लॉरी नको तिथे लावतो. पेन्शन बसतं, मी विचारून घेतलं.

विमलताई गेल्या. देशपांडेबाई त्यांच्यामागून गेल्या. कोथिंबिरीचं शेवटपर्यंत मिटलं नाही. जिलियन आहे, मी आहे. ओवेन आहे.